नाकातल्या दाताची चौकशी

माझं नाक हा आमच्या घरात सार्वजनिक विषय होता. कुणीही यावं, वाकून बघावं आणि इलाज सांगून जावं. उजवी नाकपुडी लहानपणापासून बंद. नुसती बंद असती तरी चाललं असतं, पण ती वाहायची, आणि जे वाहायचं त्याला वास यायचा. मला सवयीनं तो जाणवत नसे. शेजारी बसणारीला मात्र जाणवायचा. शाळेत माझ्या बाकावरची दुसरी जागा बहुतेक रिकामीच असे, आणि मी अशी खडूस की वर तोंड करून सांगायची, मला ऐसपैस बसायला आवडतं म्हणून.

आम्ही भोपाळला सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. टाउनशिपचा दवाखाना कर्मचाऱ्यांना फुकट, त्यामुळे बाहेर कुठं जायचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आपल्याच कारखान्याशी बेइमानी, असं बाबांना वाटायचं. दवाखान्यात डॉक्टर माझ्या नाकाकडे न बघताच 'एलर्जी है' म्हणायचे आणि त्याच त्या पिवळ्या गोळ्या द्यायचे. त्या खाल्ल्या की झोप यायची. नाक होतं तिथंच, होतं तसंच.

घरातले इलाज वेगळे. ते सगळे आत्याचे. ओव्याची पुरचुंडी, गरम विटेचा शेक, झोपताना नाकात तुपाचा थेंब. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तरुणपणीच विधवा झाली, मूलबाळ नाही. माझ्या जन्माच्या वेळी आईच्या मदतीला म्हणून नागपूरहून आली ती कायमचीच. आई टाउनशिपच्या शाळेत शिकवायची. सकाळी बाबा भोंग्याबरोबर बाहेर, त्यांच्या पाठोपाठ आई आणि ताई शाळेत, की दिवसभर घरात आम्ही दोघीच. मला चालायला, बोलायला, भांडायला, सगळं आत्यानंच शिकवलं. शेवटचं जरा जास्तच शिकवलं, असं आई म्हणायची.

आणि तान्ह्या बाळांना न्हाऊ घालण्यात तर आत्याचा हात धरणारं आख्ख्या सेक्टरमध्ये कुणी नव्हतं. आमच्या गल्लीत पंजाबी होते, मल्याळी होते, बिहारी होते. कुणाकडे बाळ जन्मलं की ते आत्याच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडायचंच. शेजारची सरदारीण दारातूनच हाक मारायची, "बुआजी, आज मेरे वाले को पहले, हाँ?" आत्याला हिंदी धड येत नव्हती. "हो हो, आती हूँ, पानी तपाओ," असं काहीतरी म्हणत ती पदर खोचून निघायची. रुबाब तर असा, की जणू काही मोठी सर्जनच चालली आहे. स्वतःचं मूल नसलेली बाई, पण गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. तिचा सगळा मान त्या कामात होता.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा नाकातून रक्त यायला लागलं. उजवा गाल ठणकायचा, डोकं जड. दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर नवा आला होता. माझ्या नाकात उजेड पाडून आत बघणारा तो पहिलाच. बघता बघता त्याची मान वाकडी झाली. त्यानं एक बारीक सळई आत घातली आणि ती कशावर तरी आपटली. टक्! तो आवाज मला माझ्या कवटीच्या आतून ऐकू आला. बाप रे, अंगावर काटा आला माझ्या. मग एक्स-रे काढला, तर नाकाच्या तळाशी पांढरं काहीतरी, शेंगदाण्याएवढं.

"पत्थर है," तो बाबांना म्हणाला. "बचपन में कुछ डाल लिया होगा नाक में. चना, मोती, कोई बीज. किसी ने देखा नहीं होगा. उसी पर परत चढ़ती गई." आपण काढायला गेलो तर रक्त थांबायचं नाही, तेव्हा शहरातल्या तज्ज्ञाला दाखवा, असंही त्यानं सांगितलं. बिचाऱ्यानं त्याच्या परीनं नीटच सांगितलं होतं. पण 'किसी ने देखा नहीं होगा' हे वाक्य बाबांनी घरी आणलं.

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये होते. तयार होऊन आलेला भाग तपासायचा, खोट सापडली तर त्यावर लाल रंगाचा पट्टा मारायचा, आणि मग ती खोट कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, कुणाच्या हातून झाली ते शोधून काढायचं. खोट आपोआप होत नाही, तिच्यामागे कुणाचा तरी हात असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. कारखान्यात ते खरंही असेल. पण बाबा ते वाक्य चपलांबरोबर दारात काढून ठेवत नसत. दूध उतू गेलं तरी आधी विचारायचे, "गॅसजवळ कोण होतं?" दूध पुसायचं काम आमचं.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी चौकशी बसली. मी नाकाला रुमाल लावून खुर्चीत, आई तपासायच्या वह्या बाजूला सारून बसलेली, आणि समोर आत्या.

"अक्का, आठव बरं. ही लहान असताना दुपारी घरात कोण असायचं?"

"मीच की रे. आणखी कोण असणार?"

"खेळायला काय द्यायचीस तिला?"

"भातुकली. बाहुली. चिंचोके."

"चिंचोके," बाबा म्हणाले.

"तू झोपायचीस दुपारची?"

"पडायची थोडी. मी माणूस नाही का बाप्पा?" आत्या हसून म्हणाली. तिला अजून कळलंच नव्हतं की ही चौकशी तिची आहे. मला कळलं होतं, आणि माझं डोकं फिरलं. "नाक माझं आहे ना? मग माझी चौकशी करा!" मी ओरडले. "मी घातलं असेल चिंचोका. तिनं नाही घातला!" बाबा शांतपणे म्हणाले, लहान मुलाची चूक नसते, सांभाळणाऱ्याची असते. आई एवढंच म्हणाली, "अहो, पुरे आता." पण पुरे कुठलं! बाबांच्या आवाजात राग नव्हता, हेच तर वाईट होतं. रागावले असते तर आत्यानं चार शब्द सुनावले असते, वयानं मोठी होती ती. त्यांनी नुसती खोटेची जागा दाखवून दिली.

पुढे जे झालं ते मला आजही विचित्र वाटतं. आत्या आठवायला लागली. भाजी निवडता निवडता थांबायची आणि म्हणायची, "एकदा तुझं नाक लाल झालं होतं खरं. मी तूप लावलं होतं." मग काही दिवसांनी, "तू रडत होतीस आणि तुझ्या मुठीत चिंचोके होते. मी मोजले नाहीत बाई." शेवटी तिनं बाबांना स्वतःच सांगून टाकलं, "माझ्या डोळ्यांदेखत घातला रे तिनं चिंचोका. मला वाटलं खाली पडला. चुकलंच माझं." गंमत बघा, तिनं इतक्या वेळा सांगितलं की मलाही तो चिंचोका दिसायला लागला. गुळगुळीत, तपकिरी, माझ्या दोन बोटांत धरलेला.

हे सगळं नेमकं तेव्हा, जेव्हा माझ्या ताईचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली होती. आत्यानं तर कधीपासून जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. बाळघुटीची सहाण घासूनपुसून तयार. लोकांची बाळं झाली, आता आपल्या घरचं बाळ, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आणि एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "अक्का, बाळाला तू एकटीनं सांभाळू नकोस. कुणीतरी बरोबर असू दे. आता वयही झालंय तुझं."

आत्या "बरं" म्हणाली. एवढंच. तिनं पानातला भात संपवला, ताट उचललं आणि मोरीत जाऊन घासत बसली. आमच्याकडे भांड्यांना बाई होती. दुसऱ्या दिवशी सरदारणीनं हाक मारली तर आत्यानं मला सांगायला पाठवलं की तिचे गुडघे दुखताहेत. गुडघे ठणठणीत होते. त्या दिवसापासून ती कुणाकडेच बाळाला न्हाऊ घालायला गेली नाही. मी बाबांशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षात यायलाही वेळ लागला, म्हणून मला आणखीच राग आला.

शहरातल्या तज्ज्ञ म्हणजे शाहपुऱ्याच्या तळ्याजवळ क्लिनिक असलेल्या एक डॉक्टरीणबाई. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी दवाखान्याचा एक्स-रे उजेडावर धरला, मग बाजूला ठेवला. मला म्हणाल्या, "मुँह खोलो." मी म्हटलं, दुखतंय नाकात. "मालूम है. मुँह खोलो." आणि त्या चक्क माझे दात तपासायला लागल्या. वरचे, खालचे, एकेक बोटानं. सगळे जागच्या जागी होते. मग नाकात औषध फवारून, नाकपुडी बधिर करून, नळीसारखी दुर्बीण आत घालून पुष्कळ वेळ बघितलं. नंतर डोक्याचा स्कॅन करून यायला सांगितलं.

स्कॅन घेऊन गेलो त्या दिवशी त्यांनी बाबांना जवळ बोलावलं आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. पांढऱ्या ठिपक्याच्या बरोबर मधोमध एक काळी बारीक रेघ होती.

"ये देखिए. पत्थर के अंदर नस की जगह नहीं होती. ये दाँत है."

"दाँत?" बाबा म्हणाले. "नाक में?"

"नाक में. एक्स्ट्रा दाँत. कम होता है, पर होता है." मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटात असताना बाळाचा जबडा तयार होतो तेव्हा कधी कधी दाताचं एखादं बीज जास्तीचं तयार होतं. ते खाली तोंडात यायच्या ऐवजी उलट्या दिशेला वाढतं आणि नाकाच्या तळातून डोकं वर काढतं. त्याच्याभोवती मांस वाढतं, पू होतो, वास येतो, रक्त येतं. भूल देऊन नाकपुडीतूनच काढता येईल, चेहऱ्यावर एक ओरखडाही उठणार नाही. बाकीचे दात पूर्ण आहेत, म्हणजे हा वाट चुकलेला दात नाही, जास्तीचाच आहे, म्हणून आधी दात तपासले.

मला हसू यायला लागलं. इतकी वर्षं नाकात दात घेऊन हिंडत होते मी! पण बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "लेकिन हुआ किसकी वजह से?"

"मतलब?"

"किसी की लापरवाही?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "किसी की नहीं. न माँ की, न किसी और की. ऐसे ही हुआ."

"ऐसे ही," बाबा म्हणाले. त्यांनी स्कॅनचा कागद पुन्हा हातात घेतला, ती काळी रेघ जवळून बघितली, लांबून बघितली. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक खोटेमागचा हात शोधला, त्याच्या पुढ्यात कुणाचाच हात नसलेली खोट येऊन पडली होती. स्कूटरवरून घरी येताना मी मागे बसून मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आता आत्याला काय सांगणार?" त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

ऑपरेशन झालं. मला फक्त भुलीची सुई आठवते आणि मग घशाला पडलेली कोरड. नाकात पट्ट्या कोंबलेल्या. त्या काढल्या तेव्हा उजव्या नाकपुडीतून हवा आत शिरली, थंडगार, थेट डोक्यापर्यंत. मी घाबरून नाकच धरलं. नर्स हसली. डॉक्टरीणबाईंनी तो दात गॉजमध्ये गुंडाळून बाबांच्या हातात दिला. पिवळट, सुळ्यासारखा निमुळता, मुळासकट. साधा दात. कुणाच्याही तोंडात शोभला असता.

घरी आल्यावर बाबांनी कपडेही बदलले नाहीत. आत्या ओट्याशी होती. त्यांनी तिला बाहेर बोलावलं आणि गॉज उघडून टेबलावर ठेवलं.

"अक्का, हा बघ. दात आहे."

"कुणाचा रे?"

"हिचा. नाकातला. जन्मतःच होता तो. चिंचोका वगैरे काही नव्हतं."

आत्यानं वाकून बघितलं. हात लावला नाही. "नव्हता?"

"नव्हता. माझं चुकलं, अक्का." हे शब्द बाबांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. ते त्यांना इतके जड गेले की आईनं पटकन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मला वाटलं आत्या आता रडेल, नाहीतर मनसोक्त शिव्या घालेल. मला शिव्याच हव्या होत्या. पण ती गोंधळून बाबांकडे बघत राहिली. "पण मी पाहिला रे," ती म्हणाली. "तिच्या हातात. मग मला दिसला कसा?" मी तिला मिठी मारून म्हटलं, "मलाही दिसला होता गं आत्या." ती नुसती मान हलवत राहिली.

थोड्याच दिवसांत ताईला मुलगी झाली. आम्हाला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. बाबा स्वतः म्हणाले, "अक्का, बाळाला आंघोळ तूच घालायची." तिनं घातली, तशीच सुरेख. पण घालण्याआधी हाक मारली, "कोणी या गं इथं." रोज हाक. मी गेले नाही तर पाणी निवून जायचं पण ती सुरू करायची नाही. बाळ पाळण्यात झोपलेलं असलं आणि खोलीत दुसरं कुणी नसलं, तर ती उठून बाहेर यायची. ताई वैतागून म्हणायची, "आत्या, घे ना गं जरा हिला, मी केस विंचरते." आत्या म्हणायची, "तू पण बस इथंच." कुणाचा राग नाही, रुसवा नाही. आपल्या हाताखाली काहीतरी होऊ शकतं, हे तिच्या मनानं घेतलं होतं ते घेतलंच. दात निघाला, पण हे कोण काढणार?

बाबा हे बघत होते. एका रविवारी दुपारी, ताईनं बाळाला पाजून झोपवलं तसं ते उठले आणि म्हणाले, "चला, सगळे बागेत."

"आत्ता? एवढ्या उन्हात?" आई म्हणाली.

"आत्ता. अक्का घरी राहील बाळापाशी."

आत्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "अरे, एकीला तरी ठेव. हिला ठेव," ती माझा हात धरून म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले. "कुणी नाही." त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण उलट पहिल्यांदाच त्यांची दया आली. मी आत्याचा हात सोडवला आणि निघाले.

आमच्या सेक्टरची बाग म्हणजे क्वार्टरसमोरचा लोखंडी कुंपणातला एक तुकडा. कडुलिंबाखालच्या बाकावर आम्ही चौघं ओळीनं बसलो. तेवढ्यात आमचं दार उघडलं. आत्यानं उंबऱ्याशी चटई टाकली, आत जाऊन बाळाला घेऊन आली आणि मांडीवर घेऊन बसली, अगदी दारात, आख्ख्या गल्लीला दिसेल अशी. रस्त्यावरून जाणाऱ्या सरदारणीला तिनं थांबवलं, दुपटं बाजूला करून बाळाचा चेहरा दाखवला, आणि सरदारीण पुढं गेल्यावर पुन्हा रस्त्याकडे बघत बसली, आणखी कोण येतंय ते.

बाबा उठले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

"अक्का, आत बस. ऊन येतंय बाळावर."

"नाही येत. मी आड बसले आहे ना."

"असं दारात काहून बसलीस?" बाबा इतक्या वर्षांनी नागपूरचं बोलले.

"चार लोकांना दिसलेलं बरं, बाळ नीट आहे ते."

"कुणाला दाखवायचंय तुला?"

आत्यानं वर बघितलं. "तुला," ती म्हणाली.

बाबा खाली बसले, चटईसकट तिला हळूच मागं सरकवलं, जसं एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सरकवतात तसं नाही, लहान भाऊ खेळताना मोठ्या बहिणीला ढकलतो तसं. मग बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं. मला आत जाऊ दिलं नाही. पायरीवर बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागले. गल्लीतली माणसं बघत होती, पण बाबांना त्याचं काही नव्हतं. आतून पुष्कळ वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बाळ कुरकुरलं, आणि आत्या तिच्याशी बोलायला लागली.